चव सहा, दिसणं एक

गेल्या रविवारी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून एका सत्तरीच्या गृहस्थांनी उजवा हात वर केला आणि माझ्या कोंबडीच्या तंगडीसमोर शपथ घेतली. त्याला आज पाच दिवस झाले. मी शांत आहे, असं मी घरात सगळ्यांना सांगते. नवरा 'हो हो' म्हणतो आणि दुसऱ्या खोलीत जातो.

आधीचं थोडक्यात सांगते. आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा असतो. गेल्या वर्षी मी कोथिंबीरवडी नेली होती. एका बाईंनी तिचा एक तुकडा भांडी घासायच्या स्पंजासारखा दोन बोटांनी दाबून बघितला आणि परत ताटात ठेवला. परत ठेवला! तेव्हाच ठरवलं, यंदा देश तसा वेश. आम्ही राहतो कॅन्सस राज्यातल्या ओव्हरलँड पार्कला. गाडीने थोडं पुढे गेलं की कॅन्सस सिटी, आणि कोल्हापुरात तांबड्या रश्श्याला जो मान, तो तिथे बार्बेक्यूला. म्हणून बार्बेक्यू सॉसची बाटली आणली आणि रविवारी रंगीत तालीम ठेवली.

बाटलीबद्दल मात्र थोडं थांबून बोलावं लागेल. मी कोल्हापूरकडची. घटक वाचल्याशिवाय मी काही विकत घेत नाही, आणि घेतल्यावर वाचले तर पस्तावते. सगळ्यात पहिला घटक मक्याचा पाक. मग व्हिनेगर, टोमॅटो, मीठ, मोहरी, शेवटी कुठेतरी चिंच. इथवर ठीक, चिंचगुळाच्या आमटीतून डाळ काढून घेतल्यासारखं. पण मधे एक शब्द होता, मोलॅसिस. म्हणजे मळी.

काकवी वेगळी, मळी वेगळी, हे उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. काकवी गुऱ्हाळावर मिळते. गूळ व्हायच्या आधीची, सोनेरी, चपातीशी खायची. मळी म्हणजे कारखान्याने साखर काढून घेतल्यावर खाली उरतं ते काळं, चिकट प्रकरण. आमच्या गावाशेजारी कारखाना आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला की मळीचे टँकर जायचे आणि आम्ही पोरी नाकाला ओढणी लावून शाळेत जायचो. मळीचं पुढे काय होतं, तर तिची दारू होते, नाहीतर ती पशुखाद्यात जाते. हे मी फोनवर आईला सांगितलं. आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "व्हय गं, जनावरास्नी घालत्यात ती. तिथं मिळत न्हाई का दुसरं काय?" मी तिला म्हटलं, ही खायची मळी असते, चांगली असते. बोलताना माझं मलाच पटत नव्हतं. आयुष्याची पहिली अठरा वर्षं जिच्या वासापासून पळाले, ती मी सातासमुद्रापार येऊन डॉलर मोजून घरात आणली होती.

आणि धूर! या सॉसमध्ये धूर घातलेला असतो. हिकरीच्या लाकडाचा धूर पाण्यात उतरवतात आणि ते पाणी बाटलीत भरतात. हा उद्योगही याच भागातला. कॅन्सस सिटीच्या अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्याने १८९५ साली बाटलीतला धूर विकायला काढला. आपण वाटीत निखारा ठेवून वर तुपाचा थेंब सोडतो, झाकण लावतो, झाला धुंगार. इथे धूर विकत मिळतो. आणि त्याच घरात छताला एक पांढरी डबी असते, जी धूर दिसला की किंचाळते. या दोन गोष्टी एकाच समाजाने घराघरात आणल्या, याचं मला रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत काही वाटलं नव्हतं.

चूक काय झाली, तर मी कोंबडीला सॉस आदल्या रात्री लावला. आपली पद्धत तीच ना? दही लावा, आलं-लसूण लावा, रात्रभर मुरू द्या. मी सॉसमध्ये आलं-लसूण कालवलं, दोन चमचे घरचं तिखट घातलं, आठ तंगड्यांना चोळलं आणि दुसऱ्या दिवशी ४२५ फॅरनहाइटला ओव्हनमध्ये सारलं. आता मला कळलंय की या सॉसमध्ये निम्मी साखर असते आणि साखर जळते. म्हणून कोंबडी आधी शिजवून घ्यायची आणि सॉस शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत लावायचा. बाटलीवर हे लिहिलेलं होतं. मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'अस्सल' असं लिहिलेलं होतं.

विसाव्या मिनिटाला डबी किंचाळली. नवरा खुर्चीवर चढून तिला टॉवेलने वारा घालायला लागला, मुलगा कानात बोटं घालून आनंदाने नाचायला लागला आणि मी गॅलरीचं दार उघडलं. (गॅलरीत शेगडी ठेवून भाजायला आमच्या भाडेकरारात बंदी आहे. आग लागेल म्हणून.) गॅलरीच्या दाराने भागेना, म्हणून बाहेरच्या कॉरिडॉरचं दारही उघडलं. तिथे माझं चुकलं.

कॉरिडॉरमध्ये दारं उघडायला लागली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर दुसऱ्या मजल्यावरची कुत्रेवाली मुलगी जिन्यातून डोकं काढून म्हणाली, "ओ माय गॉड, कोण बार्बेक्यू करतंय? काय वास सुटलाय!" कोपऱ्यातल्या जोडप्याने अंगठा वर केला. अहो, माझी कोंबडी जळत होती! निव्वळ करपल्याचा वास होता तो. आमच्याकडे असा वास आला तर शेजारीण दार वाजवून विचारते, "दूध ओतू गेलं का हो?"

आणि समोरचं दार उघडून काका बाहेर आले.

काका म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त गृहस्थ. आम्ही त्यांना घरात काका म्हणतो, त्यांना हे माहीत नाही. ते मला 'यंग लेडी' म्हणतात. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, पण माझं नाव त्यांना सहा वर्षांत जमलेलं नाही, त्यावर त्यांनी काढलेला हा तोडगा. ते उंबऱ्याशी उभे राहिले, डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "हिकरी. पण बाटलीतली."

मी म्हटलं, हो.

"ओव्हन विजेवरचा?"

मी म्हटलं, हो.

"स्पर्धेत वीज चालत नाही. लाकूड किंवा कोळसाच लागतो. पण तू शेजारीण आहेस, तेवढं मी सोडून देतो." असं म्हणून ते आत आले.

कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी नावाची एक संस्था आहे. ती बार्बेक्यूच्या स्पर्धांसाठी परीक्षक तयार करते, रीतसर वर्ग घेऊन. काका हे तसे प्रमाणित परीक्षक. ही गोष्ट सहा वर्षांत मला माहीत नव्हती, आणि पुढची साठ वर्षं कळली नसती तरी चाललं असतं. मी शिष्टाचार म्हणून म्हटलं, "घ्या ना थोडं." आपण म्हणतो ना तसं. समोरच्याने 'नको नको, आत्ताच झालं' म्हणायचं असतं. काकांनी हात धुतले.

मग म्हणाले, "शपथ घ्यावी लागेल."

मला वाटलं मलाच घ्यायची आहे. पण त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला, नजर चिमणीच्या जाळीवर स्थिर केली आणि धडधडा म्हणायला लागले. माझे डोळे, माझं नाक, माझे हात आणि माझी जीभ यांच्यापुढे जे जे मांस येईल, त्याचं मी वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ मूल्यमापन करीन. (दोन्ही! म्हणजे कुठूनही आलात तरी सुटका नाही.) आणि हे कशासाठी, तर सत्य, न्याय, बार्बेक्यूतली उत्कृष्टता आणि अमेरिकन जीवनपद्धती कायमची टिकून राहावी म्हणून. ही खरी शपथ आहे. त्यांचे परीक्षक ती खरोखरच घेतात. अमेरिकन जीवनपद्धतीचा भार आपल्या ओव्हनच्या ट्रेवर आहे, हे ऐकल्यावर माझ्या नवऱ्याने टॉवेल खाली केला. डबीसुद्धा त्याच वेळी थांबली, हा योगायोग.

मी आठातल्या त्यातल्या त्यात बऱ्या सहा तंगड्या प्लेटमध्ये काढल्या. ट्रेच्या तळाशी थोडा न जळलेला सॉस राहिला होता, तो वरून ओतला. करपलेलं झाकायचं असलं की रस्सा सोडायचा, हे आईने शिकवलेलं. वर कोथिंबीर भुरभुरवली. काटा पुढे केला.

"काटा नाही," काका म्हणाले. "परीक्षक हातानेच खातात."

इथे मला थोडं बोलू द्या. मी ऑफिसात आमटी-भात चमच्याने खाते. गेली अकरा वर्षं. आमटी-भात चमच्याने खाणं म्हणजे मोजे घालून पोहण्यासारखं आहे, पण खाते. कारण पहिल्या आठवड्यात मी हाताने कालवायला घेतलं, तेव्हा समोरची मुलगी माझ्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होती, की मलाच तिची दया आली. आणि इथे माझ्याच ओट्याशी उभा राहून एक अमेरिकन माणूस पाचही बोटं सॉसमध्ये बुडवून मला सांगत होता, की हाताने खाणं हा नियम आहे. वर्ग घेऊन शिकवतात.

खाताना परीक्षकाने बोलायचं नसतं. चेहऱ्यावर काही दाखवायचंही नसतं. काका चावत होते. आम्ही तिघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो चेहरा तहसील कार्यालयातल्या खिडकीसारखा होता, उघडा, पण आत काही हालचाल नाही. मधेच त्यांनी खुणेने काहीतरी मागितलं. घोट पाणी आणि जीभ साफ करायला खारं बिस्किट. बिस्किट नव्हतं, मी मेथीचा खाकरा दिला. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि पहिल्यांदा भुवया हलवल्या. नंतर म्हणाले, "हे तटस्थ नाही."

मेथी तटस्थ नसतेच हो. मेथीला मत असतं.

मग निकालाआधी व्याख्यान झालं. मुद्दा पहिला: मी केलं ते बार्बेक्यू नव्हेच. बार्बेक्यू म्हणजे २२५ फॅरनहाइटच्या आसपास, मंद, तासन् तास. ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीकडचं मांस, असेल तर रात्र जागायची. मुद्दा दुसरा: सॉस. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेला नुसतं व्हिनेगर आणि मिरची. साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस. मेम्फिसवाले कित्येकदा कोरडा मसालाच चोळतात. अलाबामात पांढरा, मेयोनेजचा. हे शेवटचं सांगताना त्यांचं तोंड असं झालं, जसं पुण्याच्या मिसळीचा विषय निघाला की माझ्या मामाचं होतं. मला एकदम त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. मी म्हटलं, "आमच्या कोल्हापुरातही तांबडा आणि पांढरा असे दोन असतात. एकाच ताटात येतात."

काका बराच वेळ गप्प राहिले. "एकाच ताटात," ते म्हणाले. "आणि लोक भांडत नाहीत?"

"पांढरा आधी प्यायचा की तांबडा, यावर भांडतात."

हे त्यांना पटलं. मग त्यांनी हेन्री पेरीची गोष्ट सांगितली आणि ती मात्र चांगली सांगितली. १९०८च्या सुमाराला हा कृष्णवर्णीय माणूस कॅन्सस सिटीच्या एका गल्लीत धुरावलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायचा. कॅन्सस सिटीचा बार्बेक्यू त्याच्यापासून सुरू झाला असं मानतात. त्याचा सॉस अजिबात गोड नव्हता. मिरीचा, झणझणीत, ठसका लागेल असा. गोडवा पुढच्या लोकांनी आणला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणि ठसका लागेल असं! म्हणजे मुळात हा आपला माणूस, भजीवाल्याच्या बिरादरीतला. मग मधल्या काळात कोणी याच्यात एवढा पाक ओतला? माझ्या तिखटाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी हेन्री पेरीला उत्तर द्यावं. (आणखी एक सांगून टाकते. या गोड सॉसच्या घराण्यातला एक फार खपलेला सॉस १९७७ साली रिच डेव्हिस या डॉक्टरांनी काढला. ते लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ होते. यावर मला काही म्हणायचं नाही.)

मी शेवटचा डाव टाकून बघितला. म्हटलं, "तुमच्याकडे ते बर्न्ट एंड्स असतात ना? कडेचे जळलेले तुकडे? लोक रांगा लावून खातात. तसेच हे."

"ते ब्रिस्केटचे असतात," काका म्हणाले. "आणि ते जळलेले नसतात. हे जळलेलं आहे."

आमच्याकडे याला खरवड म्हणतात आणि भांड्याच्या तळाची खरवड कोणाला मिळणार यावर भावंडांत मारामाऱ्या होतात, हे मी सांगणार होते. सांगितलं नाही. काका हात धुऊन, "थँक यू, यंग लेडी" म्हणून, निकाल न सांगताच निघून गेले. निकाल तोंडी देत नाहीत म्हणे.

ते गेल्यावर मी दार लावायला गेले. कॉरिडॉरमध्ये अजून तो वास होता आणि कोणी खिडकी उघडली नव्हती. आणि मला दोन वर्षांपूर्वीचा तो कागद आठवला.

मी सुकट केली होती. वर्षातून दोनदा करते. चारी खिडक्या उघडून, एक्झॉस्ट लावून, बाहेर बर्फ पडत असताना कानटोपी घालून करते. चोरी केल्यासारखी. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या ऑफिसने सगळ्यांच्या दाराखालून एक पत्रक सरकवलं. 'स्वयंपाकाच्या उग्र वासांबाबत शेजाऱ्यांचा विचार करावा.' फार सभ्य भाषा. कोणाचं नाव नाही. सगळ्या दारांखाली, म्हणजे आमच्या एकट्यावर रोख नाही असं दाखवायला. लिफ्टमध्ये त्या आठवड्यात सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होते. आणि परवा मी अख्ख्या मजल्यावर काळा धूर सोडला, आगीची डबी वाजवली, तर अंगठे वर! जळलेल्या साखरेच्या धुराला सुगंध म्हणायचं आणि कांदा-लसणाच्या फोडणीला उग्र. मी यावर विनोद करायचा प्रयत्न केला, बहिणीला फोन करून रंगवून सांगितलं, तीही खूप हसली. पण फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले. ते पत्रक मी अजून टाकलेलं नाही. फ्रिजवर नाही लावलं, खणात आहे.

असो. कोंबडीचं काय झालं, तर मी तिची काळी साल काढली, मांस सोडवलं, कांदा-खोबरं भाजून वाटण केलं, कांदा-लसूण मसाला घातला आणि रस्सा केला. तरी मळी जिभेवर येतच होती. मुलगा म्हणाला, "आई, यात कोकाकोला आहे का?" ऑफिसात बुधवारी मी दुकानातून आणलेलं बटाट्याचं सॅलड नेलं. सगळं संपलं. त्या स्पंजवाल्या बाईंनी मला कृती विचारली.

निकाल सोमवारी सकाळी लागला. दाराखालून, त्या पत्रकासारखाच. काकांनी कागदावर रेघा मारून व्यवस्थित तक्ता केला होता. गुण दोनपासून नऊपर्यंत असतात. नऊ म्हणजे उत्कृष्ट, सहा म्हणजे सर्वसाधारण, दोन म्हणजे खाण्यायोग्य नाही. आणि एक? एक हा गुण नसून शिक्षा आहे, नियमभंगाची.

चव: ६. मऊपणा: ७. दिसणं: १.

खाली खुलासा होता. स्पर्धेत मांस ज्या डब्यात मांडतात, त्यात सॉसचं तळं करायचं नाही, असा नियम आहे. मी वरून सॉस ओतला, तळं झालं, म्हणून एक. त्याखाली बारीक अक्षरात: 'कोथिंबीर नियमात बसते.' एवढ्या सगळ्यात एक कोथिंबीर तेवढी निर्दोष सुटली.

सगळ्यात खाली त्यांनी गुणक दिले होते, कारण तिन्ही गुणांचं वजन सारखं नसतं. दिसण्याला ०.५६००, चवीला २.२९७२, मऊपणाला १.१४२८. दशांश चिन्हापुढे चार घरं. चंद्रावर यान उतरवल्यासारखी. मी चहा बाजूला ठेवून कॅलक्युलेटर घेतला. छत्तीसपैकी २२.३४२८. म्हणजे बासष्ट टक्के.

बासष्ट! म्हणजे फर्स्ट क्लास की! आमच्या घरात दहावीला बासष्ट टक्के मिळालेल्या चुलतभावाच्या नावाने गल्लीत पेढे वाटले होते. मी दोन मिनिटं खूश होते. मग माझ्यातली मुळातली मुलगी जागी झाली आणि मी हिशेब केला, की ते तळं केलं नसतं आणि दिसण्याला नऊ पडले असते, तर किती? ७४.५. डिस्टिंक्शनला पंचाहत्तर लागतात. म्हणजे सगळं बरोबर केलं असतं तरी अर्ध्या टक्क्याने हुकलंच असतं. दहावीला माझं असंच झालं होतं, भूमितीत, पण तो विषय नको.

काल संध्याकाळी मी कागद घेऊन समोरचं दार वाजवलं. गुणपडताळणीसाठी. काकांनी चष्मा लावून माझा हिशेब चार घरांपर्यंत तपासला, बरोबर आहे म्हणाले. चवीचा सहाचा सात करता येईल का, विचारलं. शपथेचा प्रश्न आहे म्हणाले. मग मला बरं वाटावं म्हणून त्यांनी समजावलं, की खऱ्या स्पर्धेत एका टेबलाला सहा परीक्षक असतात आणि सर्वांत कमी गुण देणाऱ्याचे गुण धरतच नाहीत.

मी म्हटलं, "मग तुमचे नका ना धरू."

"तसं करता आलं असतं," काका म्हणाले, "पण मी एकटाच होतो."